बारा वर्षांखालच्या पोरांच्या हेडवर बक्षीस लावू नका

प्रति,
कोल्हापुरातील सर्व फुटबॉल संघांचे पदाधिकारी, प्रशिक्षक, स्पर्धा संयोजक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक यांस

स.न.वि.वि.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या शहरात बारा वर्षांखालील मुलांची एक फुटबॉल स्पर्धा झाली. स्पर्धेचं किंवा संयोजकांचं नाव मी इथे घेणार नाही. प्रश्न एका मंडळापुरता नाही आणि मला कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाही. मैदानाच्या कडेला लावलेल्या फलकावर नेहमीची बक्षिसं होती: उत्कृष्ट गोलरक्षक, उत्कृष्ट बचावपटू, मालिकावीर. त्यांच्याखाली एक ओळ होती, 'हेडने केलेल्या प्रत्येक गोलला रोख बक्षीस', म्हणजे बॉल डोक्याने मारून केलेल्या गोलला. मी संयोजकांना बाजूला घेऊन म्हटलं की ही मुलं फार लहान आहेत, हे बक्षीस काढून टाका. "पोरांना जरा ईर्षा नको का?" असं उत्तर मिळालं. आणि आता, यंदाही तेच बक्षीस ठेवायचं आणि रक्कम वाढवायची असं ठरल्याचं कळलं. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या समोर लिहितो आहे.

माझा या खेळाशी संबंध काय, ते आधी सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पेठेच्या संघातून खेळायचे. स्टॉपर होते, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणारे. गांधी मैदानावर पावसाचं पाणी साचलेलं असताना चामड्याचा बॉल भिजून दगडासारखा व्हायचा आणि गोलरक्षकाने मारलेली उंच कीक खाली येताना त्याखाली उभं राहायला पुढचे खेळाडू कां-कूं करायचे. आबा उभे राहायचे. "डोक्यानं काढ" ही आरोळी त्यांच्यासाठीच असायची. त्यांना ओळखणारी माणसं अजून त्यांच्या हेडचं कौतुक करतात.

आज आबांना स्मृतिभ्रंश आहे. चपला तांदळाच्या डब्यात ठेवतात. पहाटे उठून आईला विचारतात की जर्सी वाळली का. पेठ ओळखतात, तालीम ओळखतात, पण स्वतःच्या घराचा दरवाजा ओलांडून पुढे निघून जातात, म्हणून आईने त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर आतल्या बाजूने फोन नंबर शिवून घेतला आहे. त्यांचा हा आजार हेडमुळेच झाला, असा माझा दावा नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलेलं नाही. वय असतं, रक्तदाब असतो, घराण्यात चालत आलेलं काही असतं. पण निदान झाल्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एका स्कॉटिश स्टॉपरपाशी येऊन थांबलो. त्याची गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय माझी मागणी तुम्हाला पटणार नाही.

बिली मॅक्नील. जन्म 2 मार्च 1940, ग्लासगोजवळचं बेल्सहिल. कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्यातलं हे गाव. मँचेस्टर युनायटेडचे गाजलेले व्यवस्थापक सर मॅट बस्बीही याच भागातले. 1957 मध्ये ब्लँटायर व्हिक्टोरिया या छोट्या संघातून मॅक्नील ग्लासगोच्या सेल्टिक क्लबमध्ये आला आणि 1975 पर्यंत तिथेच खेळला. क्लबसाठी 790 सामने. दुसऱ्या कुठल्याही सेल्टिक खेळाडूने तेवढे खेळलेले नाहीत. स्कॉटलंडसाठी पहिला सामना खेळला तो 1961 मध्ये वेम्बलीवर, आणि त्या दिवशी इंग्लंडने स्कॉटलंडला 9-3 असं धुतलं. बचावपटूसाठी याहून वाईट पदार्पण नसेल. तरी तो पुढे देशासाठी 29 सामने खेळला.

सुरुवातीची वर्षं क्लबसाठी कोरडी गेली. 1965 च्या मार्चमध्ये जॉक स्टाइन व्यवस्थापक म्हणून आले. ते स्वतः खाणीत काम केलेले, सेल्टिकचे जुने कप्तान. पुढच्याच महिन्यात हॅम्पडेन पार्कवर लाखाच्या वर लोकांसमोर डनफर्मलिनविरुद्ध स्कॉटिश कपची फायनल. 2-2 बरोबरी, शेवटची काही मिनिटं, चार्ली गॅलाघरचा कॉर्नर, आणि बचावातून धावत पुढे आलेल्या मॅक्नीलचं हेड. 3-2. अकरा वर्षांनी कप. सेल्टिकची जुनी माणसं आजही सांगतात की क्लबचा सगळा इतिहास त्या एका हेडपासून फिरला.

दोन वर्षांनी तेच पुन्हा. 8 मार्च 1967, युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची, युरोपियन कपची, उपांत्यपूर्व फेरी, समोर युगोस्लाव्हियाचा व्होयव्होदिना. पहिला सामना सेल्टिक 1-0 हरलेला. घरच्या मैदानावर 1-0 ची आघाडी, एकूण बरोबरी, शेवटचं मिनिट. पुन्हा गॅलाघरचा कॉर्नर, पुन्हा मॅक्नीलचं हेड. तो गोल झाला नसता तर 25 मे 1967 ला लिस्बनमधल्या फायनलमध्ये जे घडलं ते घडलंच नसतं. इंटर मिलान पेनल्टीवर सातव्याच मिनिटाला पुढे गेला. मग गेमेलने बरोबरी केली आणि शेवटच्या काही मिनिटांत चाल्मर्सने दुसरा गोल केला. ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेली अकरा पोरं युरोपची विजेती झाली. ब्रिटनमधल्या कुठल्याही क्लबने तोवर हा कप जिंकला नव्हता. प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे बाकीच्या खेळाडूंना व्यासपीठापर्यंत जाताच आलं नाही. कप्तान एकटाच संगमरवरी पायऱ्या चढून गेला आणि त्याने दोन्ही हातांनी कप उंच धरला. ते छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. आज सेल्टिक पार्कच्या बाहेर त्याच पवित्र्यात त्याचा पुतळा उभा आहे.

1969 च्या स्कॉटिश कप फायनलमध्ये ग्लासगोच्याच दुसऱ्या मोठ्या संघाविरुद्ध, रेंजर्सविरुद्ध, दुसऱ्याच मिनिटाला गोल. तोही कॉर्नरवर, तोही हेडने. 1966 ते 1974 सलग नऊ लीग विजेतेपदं, सगळी त्याच्या कप्तानीत. 1975 चा स्कॉटिश कप जिंकला आणि त्याच दिवशी तो खेळाडू म्हणून थांबला.

मग व्यवस्थापक. आधी थोडे आठवडे क्लाइड, मग 1977 मध्ये अ‍ॅबरडीन. पहिल्याच हंगामात त्यांना लीगमध्ये दुसरं स्थान आणि कपची फायनल. 1978 मध्ये स्टाइन यांच्या जागी सेल्टिकला परत आला, आणि अ‍ॅबरडीनने त्याच्या रिकाम्या खुर्चीवर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नावाचा तरुण माणूस बसवला, पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये गाजलेला तोच. 21 मे 1979 ला लीगचं विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात रेंजर्ससमोर सेल्टिकचा एक खेळाडू बाहेर काढला गेला, संघ मागे होता, तरी दहा जणांनी 4-2 असा सामना काढला. व्यवस्थापक म्हणून त्याची ही सर्वांत लाडकी रात्र असावी असं मला वाटतं. 1981 आणि 1982 मध्येही लीग. 1983 मध्ये क्लबच्या अध्यक्षांशी पैशांवरून बिनसलं आणि तो इंग्लंडला गेला: मँचेस्टर सिटीला 1985 मध्ये वरच्या श्रेणीत नेलं, नंतरचं अ‍ॅस्टन व्हिलाचं वर्ष मात्र फार वाईट गेलं. 1987 मध्ये सेल्टिकने त्याला परत बोलावलं. 1988 हे क्लबचं शताब्दी वर्ष. त्या वर्षी लीग आणि कप, दोन्ही. 1991 मध्ये त्याच क्लबने त्याला काढून टाकलं.

एवढं सगळं सविस्तर सांगितलं, कारण पुढचं वाचताना हा माणूस कोण होता हे तुमच्या डोळ्यासमोर असायला हवं. हा दहा-अकरा जणांची जबाबदारी अंगावर घेणारा, ड्रेसिंग रूममध्ये बोलून संघ उभा करणारा माणूस. पत्रकार त्याच्याशी बोलायला उत्सुक असायचे. 2017 च्या फेब्रुवारीत त्याच्या कुटुंबाने जाहीर केलं की त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि त्याचं बोलणं जवळजवळ थांबलं आहे. लिस्बनच्या विजयाला पन्नास वर्षं पूर्ण झाली ते हेच वर्ष. 22 एप्रिल 2019 ला, वयाच्या 79 व्या वर्षी, तो गेला. त्यानंतर आठवड्याच्या आत स्टीव्ही चाल्मर्स गेले, लिस्बनमध्ये विजयी गोल करणारे. त्यांनाही स्मृतिभ्रंश होता. त्याच संघातले बर्टी ऑल्ड 2021 मध्ये गेले. त्यांनाही. अकरा जणांच्या संघातले तिघे.

मॅक्नीलच्या बाबतीतही मी तेच म्हणेन जे आबांच्या बाबतीत म्हटलं. एका माणसाच्या आजाराचं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. पण हजारो माणसांची आकडेवारी एकत्र केली की चित्र दिसतं, आणि ते काम ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. विली स्ट्युअर्ट यांच्या गटाने केलं. मॅक्नील गेला त्याच वर्षी, ऑक्टोबर 2019 मध्ये, त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधले 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटू एका बाजूला, आणि त्याच वयाची, तशाच परिस्थितीतली 23,028 सर्वसामान्य माणसं दुसऱ्या बाजूला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साडेतीन पट निघालं. अल्झायमरचं तर पाचपट.

त्याच अभ्यासात एक चांगली गोष्टही होती आणि ती मी लपवणार नाही. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये कमी होतं. फुटबॉल शरीराला चांगलाच आहे. माझा मुलगा खेळतो, आणि खेळत राहणार आहे. पण 2021 मध्ये त्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं आणि खेळाडू कुठल्या जागेवर खेळायचा ते तपासलं. गोलरक्षकांना सर्वसामान्य माणसांपेक्षा फारसा जास्त धोका नव्हता. बचावपटूंना सर्वांत जास्त, सुमारे पाचपट. एकाच मैदानावर, एकाच हवेत, एकाच पगारावर खेळणारी ही माणसं. फरक एवढाच की गोलरक्षक बॉल हाताने अडवतो आणि स्टॉपर डोक्याने.

'तो जुना चामड्याचा बॉल होता, आताचा हलका आहे' असं मला अनेकांनी सांगितलं. कोरडा असताना जुना बॉलही नियमाप्रमाणे साधारण तेवढ्याच वजनाचा असायचा, 410 ते 450 ग्रॅम. पाणी पिऊन जड व्हायचा हे खरं. पण आजचा बॉल त्याहून वेगाने येतो, आणि डोक्याला बसणारा धक्का वजनावर जसा अवलंबून तसाच वेगावरही. 2021 च्या अभ्यासात वेगवेगळ्या दशकांत जन्मलेल्या खेळाडूंची तुलना केली तेव्हाही नंतरच्या पिढीचा धोका कमी झालेला दिसला नाही. बॉल बदलला म्हणून निश्चिंत व्हावं, असा आधार कुणाकडेच नाही.

दुसरं म्हणणं जास्त जोरात येतं: हेड काढलं तर फुटबॉल राहिलं काय? ज्या देशाने आपला सर्वांत मोठा विजय एका माणसाच्या हेडमुळे मिळवला, त्या स्कॉटलंडने काय केलं बघा. फेब्रुवारी 2020 मध्ये, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या बरोबरीने, तिथल्या संघटनेने प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेड शिकवणं बंद केलं आणि त्यापुढच्या वयोगटांना मर्यादा घालून दिल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी मोठ्यांकडे वळून व्यावसायिक संघांना सांगितलं की सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडिंग करायचं नाही, आणि आठवड्यात ते एकाच सराव सत्रापुरतं ठेवायचं. अमेरिकेने दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही बंदी 2015 मध्येच आणली होती. इंग्लंडने तर 2024-25 च्या हंगामापासून लहान गटांच्या सामन्यांतूनही मुद्दाम केलेलं हेडिंग टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात केली. यातल्या कुठल्याही देशात फुटबॉल बंद पडलेलं नाही.

आता आपल्याकडे काय चालतं, ते सांगतो. यातलं काहीही ऐकीव नाही.

उन्हाळी शिबिरात मी मुलाला सोडायला जात होतो. दोन रांगा, समोरासमोर. मध्ये प्रशिक्षक बॉल फेकतात आणि रांगेतलं पहिलं पोर हेड मारून मागे जातं. बॉल पाच नंबरचा, मोठ्यांचा. त्यावरचा आकडा स्वच्छ दिसत होता. एक बारकं पोर, दात पडलेलं, बॉल जवळ आला की डोळे मिटून मान फिरवायचं. बॉल कानावर बसला. रांग हसली. प्रशिक्षक म्हणाले, "परत. डोळं उघडं ठेव." परत कानावर. परत. पोर रडलं नाही, कारण रडलं तर पेठेत नाव जातं हे त्याला त्या वयातही माहीत आहे. कान लाल झालेला, एका हाताने तो चोळत ते रांगेत मागे गेलं, आणि रांग सरकत सरकत त्याची पाळी पुन्हा आली.

प्रशिक्षकांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनाही असंच शिकवलं गेलं. पहाटे पाचला उठून, कुठल्याही मानधनाशिवाय ते मैदानावर येतात. ते सांगतात की मान कणखर होते, भीती जाते. पण दहा वर्षांच्या मुलाची मान बारीक असते, डोकं त्या मानाने मोठं असतं, आणि धक्का पेलायची ताकद त्या मानेत अजून आलेली नसते. सरावाने भीती जाईलही, मानेचे स्नायू मात्र वयानेच येतात.

डोकं आपटलेल्या खेळाडूंचं काय होतं, तेही मी पाहतो. दोघं उंच बॉलसाठी उडतात, डोक्याला डोकं लागतं, एक जण खाली. बर्फ लावतात, पाणी मारतात, गालावर थापट्या देतात आणि 'उठ, काय नाही झालं' म्हणत पुन्हा मैदानात पाठवतात. गॅलरी टाळ्या वाजवते. भोवळ आलेल्या, दोन बॉल दिसणाऱ्या खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा खेळवणं ही मर्दुमकी नाही. तो धोका त्या मुलाच्या घरच्यांनी पुढे कित्येक वर्षं सोसायचा असतो. स्कॉटलंडमध्ये सगळ्या खेळांसाठी एकच नियम आहे: शंका आली तरी बाहेर बसवा, आणि त्याच दिवशी परत खेळवू नका.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे जुने खेळाडू. आपल्या शहरात फुटबॉलचं वेड किती आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात, वडिलांच्या खांद्यावर बसून पोरं मॅच बघायला येतात. पण ज्यांच्या जिवावर हे वेड उभं राहिलं ती साठ-सत्तरीतली माणसं आज कशी आहेत, याची नोंद कुठल्याही संघाकडे मला सापडली नाही. आबांच्या आजाराबद्दल कळल्यावर त्यांच्या जुन्या संघातले दोघे भेटायला आले. त्यांच्याकडून कळलं की त्यांच्याच वेळचा आणखी एक बचावपटू असाच विसरायला लागला आहे आणि घरचे 'म्हातारपण आलंय' म्हणून गप्प आहेत. स्मृतिभ्रंश हा शब्द घरात बोलायलाच लोकांना संकोच वाटतो. मॅक्नीलच्या कुटुंबाने हा संकोच मोडला, म्हणूनच तिथे चर्चा सुरू झाली. 1970 च्या दशकातले स्कॉटलंडचे आणखी एक उंच स्टॉपर, पुढे एअर्ड्रीचे व्यवस्थापक झालेले गॉर्डन मॅक्वीन, यांच्या घरच्यांनीही 2021 मध्ये तेच केलं. ते 2023 मध्ये, सत्तराव्या वर्षी गेले. इंग्लंडमध्ये जेफ अ‍ॅस्टल हे फॉरवर्ड, हेडसाठीच नावाजलेले, 2002 मध्ये फक्त 59 व्या वर्षी वारले आणि चौकशी अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण व्यवसायामुळे जडलेला आजार असं नोंदवलं. तेव्हाच कुणी जागं झालं असतं तर मधली वीस वर्षं वाया गेली नसती.

आपल्याकडची वर्षं तशीच जाऊ नयेत म्हणून मी पुढील गोष्टी मागतो आहे.

बारा वर्षांखालील मुलांकडून सरावात हेडिंग अजिबात करून घेऊ नये. शाळांत नाही, शिबिरांत नाही, संघांच्या लहान गटांत नाही. या वयोगटाच्या स्पर्धांतून हेडच्या गोलला असलेलं बक्षीस यंदाच काढून टाकावं. तो पैसा अचूक पासला द्या, डाव्या पायाच्या गोलला द्या, सगळ्यांत शिस्तीत खेळलेल्या संघाला द्या. ईर्षा तिथेही होईल.

बारा ते सतरा या वयात हेड शिकवायचं असेल तर आठवड्यात एकाच दिवशी, मोजकं, आणि सुरुवातीला हलक्या किंवा कमी हवेच्या बॉलने शिकवावं. लहान गटांना चार नंबरचाच बॉल द्यावा. पाच नंबरचा बॉल स्वस्तात आला किंवा देणगीत मिळाला, हे कारण चालणार नाही.

मोठ्या संघांनी सामन्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी हेडिंगचा सराव टाळावा. याला एक रुपयाही लागत नाही, फक्त प्रशिक्षकाने ठरवावं लागतं.

डोक्याला मार लागून भोवळ आलेला, गोंधळलेला किंवा उलटी झालेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात जाणार नाही, हे स्पर्धेच्या नियमपत्रकात छापावं आणि निर्णय संघाच्या हातात न ठेवता पंचांच्या हातात द्यावा. संघाचा कोच फायनलच्या दिवशी स्वतःच्या स्ट्रायकरला बाहेर बसवणार नाही, हे आपण सगळे जाणतो. डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय त्या खेळाडूला पुढच्या सामन्यातही घेऊ नये.

जुन्या खेळाडूंसाठी वर्षातून एकदा तपासणी शिबिर घ्यावं. रक्तदाब, साखर आणि सोबत स्मरणशक्तीची साधी चाचणी. शहरात डॉक्टर आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि यातले बरेच डॉक्टर स्वतः लहानपणी मैदानात खेळलेले आहेत; तुम्ही बोलावलंत तर येतील. प्रत्येक संघाने आपल्या साठीपुढच्या खेळाडूंची यादी करावी. कोण कुठल्या जागेवर खेळायचा तेही लिहावं. दहा वर्षांनी त्या यादीतून कुणीतरी काहीतरी शिकेल.

ज्यांना हा सगळा परदेशातला थाट वाटतो त्यांना एवढंच सांगतो: ग्लासगोही आपल्यासारखंच शहर आहे. तिथेही दोन संघांवरून घरं विभागलेली असतात. तिथेही आजोबा नातवाला त्या 1967 च्या संघाची नावं पाठ करायला लावतात. त्या माणसांनी मॅक्नीलवर जीव ओवाळून टाकला, आणि तरीही पुढच्या पोरांसाठी खेळाची रीत बदलली. मॅक्नीलचा अपमान झाला असं तिथे कुणाला वाटलं नाही.

नव्या हंगामाची नोंदणी सुरू होण्याआधी या मागण्यांवर सर्व संघांची एकत्र बैठक घ्यावी आणि जे ठरेल ते मैदानाच्या फलकावर लावावं, अशी माझी विनंती आहे. वर सांगितलेल्या अभ्यासांची माहिती मी मराठीत टिपण करून ठेवली आहे. ज्या प्रशिक्षकांना हवी असेल त्यांना मी मैदानावर येऊन देईन, आणि बैठकीत बोलायला सांगितलंत तर बोलेन. मुलांच्या पालकांनीही हे पत्र वाचावं आणि आपल्या मुलाच्या सरावात एकदा तरी शेवटपर्यंत थांबून काय चालतं ते बघावं. हेडची रांग लागली तर पुढे होऊन आदराने थांबवा. प्रशिक्षक ऐकतील. माझ्या मुलाच्या शिबिरातल्या प्रशिक्षकांनी, दोनदा बोलल्यावर, ऐकलं.

बारा वर्षांखालील स्पर्धेच्या संयोजकांना मात्र वेगळं सांगतो: तुमचा फलक रंगायला जाण्याआधी ती एक ओळ काढा.

आपला,
एका जुन्या स्टॉपरचा मुलगा आणि एका दहा वर्षांच्या खेळाडूचा बाप
कोल्हापूर